तिसऱ्या जावेचा पदर

आत्या, कापूस घरात आला की आपण बाहेर, असं आपलं घर होतं. एक खोली, पुढं पडवी, आणि त्यात बाबा, माय, तू, मी. दिवाळी सरली की वेचणीचा कापूस त्या खोलीत पार आढ्यापर्यंत भरायचा. ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि भिजला तर वर्ष गेलं. त्या कापसातले बारीक किडे अंगाला लागून अशी खाज सुटायची की माय माझ्या पोटऱ्यांना कडुलिंबाचा पाला उकळून लावायची. मग चौघांचं अंथरूण बाहेर, भर थंडीत. बाबा बैलगाडीवरून पडून कमरेतून गेलेले, म्हणून पडवीतली एकुलती बाज त्यांची. तू आणि मी अंगणात, एका वाकळेत. मी कुरकुर केली की तू म्हणायचीस, "पाव्हना हाय बाई तो. संक्रांतीपर्यंत ऱ्हाईन, मंग जाईन. पाव्हन्याले का भाईर झोपवतात?"

तुझा दिवस तर त्या पाहुण्याच्या सेवेतच जायचा. सकाळी आपल्या वावरात वेचणी नसली की तू पहिल्या बसनं आदिलाबादच्या जिनिंगला, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. तिथं बायकांच्या रांगेत बसून कापसातला पालापाचोळा आणि कवडी निवडायची. कवडी म्हणजे किडीनं पिवळा पडलेला, डागाळलेला कापूस. संध्याकाळी यायचीस तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर रुईचे धागे. तुझे केस खरोखरचे पांढरे व्हायच्या कितीतरी आधी मी तुला पांढऱ्या केसांची पाहिलेली आहे. नवरा गेल्यावर तू माहेरी आलीस, तेव्हा बाबांचं लग्नसुद्धा व्हायचं होतं. पुढं बाबा आडवे झाले आणि घराची एक बाजू तू खांद्यावर घेतलीस. यावर तू कधी बोलली नाहीस. मी विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "मंग का झालं?"

पण त्या अंगणातल्या थंडीबद्दल मला तक्रार नाही, आज तर अजिबात नाही. आभाळ मला तिथंच भेटलं. तुला आठवतं का, मी सहावी-सातवीत असेन, तू वर बोट करून म्हणालीस, "तथी पाह्य, एक पुसटसा ठिपका हाय. चांदनी नाई थो. कोनं बोट पुसल्यावानी हाय." मला काही दिसेना. मी डोळे फाडफाडून पाहत होते.

"सरळ पाहू नको. त्याच्या बाजूले पाह्य, मंग थो दिसते."

मी बाजूला पाहिलं आणि तो दिसला. परत नीट पाहायला गेले, तर गेला.

"तुले कसं माहीत?"

"सांजच्या टायमाले पऱ्हाटीत एखादं बोंड राह्यते ना, ते असंच. टक लावली का लपते. तिरपं पाह्यलं का सापडते."

पुढं डिग्रीला असताना पुस्तकात वाचलं की अंधुक उजेड डोळ्याच्या मधल्या भागाला कमी कळतो आणि कडेच्या भागाला जास्त. मॅडम ते अर्धं तेलुगूत, अर्धं इंग्रजीत समजावत होत्या. वर्गात मी एकटीच हसले. आणि तो पुसट ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक दीर्घिका, कोट्यवधी ताऱ्यांची, हेही त्याच वर्षी कळलं. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू भाकर थापता थापता म्हणालीस, "असन. म्या तं कवाच पाह्यली व्हती."

त्या डिग्रीचं तर सांगूच दे. इंटर, म्हणजे बारावी, झाल्यावर बाबांनी पैनगंगेपलीकडचं स्थळ आणलं होतं. पोरगा चांगला होता, दोष त्याचा नव्हता. तू पाण्याची कळशी खाली ठेवलीस आणि बाबांना म्हणालीस, "पोट्टीले शिकू दे. नाई तं उद्यापासून मी जिनिंगले जात नाई. तू जा कंबर धरून."

बाबा म्हणाले, "अक्का, लोक का म्हनतीन?"

"लोक कवडी निवडाले येतात का माह्यासंगं?"

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच मला बसमध्ये बसवून दिलं. आपल्या घराण्यातली पहिली डिग्री माझी आहे, हे मी सगळीकडे मोठ्यानं सांगते. कोणाला गर्व वाटला तर वाटू दे. तेलुगू आकडे तूच मला शिकवलेस, जिनिंगमधल्या बायकांकडून उचललेले. ओकटी, रेंडू, मूडू म्हणत आपण भांडी घासायचो. कॉलेजात पहिल्या आठवड्यात मला तेवढंच येत होतं, आणि तेवढ्यावर मी तग धरला.

मग बी.एड. झालं, शाळेत नोकरी लागली, घराला दोन खोल्या वाढल्या. कापूस आणि माणसं एकाच वेळी घरात झोपू लागली. आणि मी दुर्बीण घेतली.

नागपूरच्या एका निवृत्त सरांनी आपली जुनी दुर्बीण काढली होती. मी त्यांना कधी भेटले नव्हते, फक्त फोनवरच्या आभाळ पाहणाऱ्यांच्या ग्रुपात ओळख. ऐंशी मिलिमीटरचं भिंग, म्हणजे आपल्या पितळी वाटीच्या तोंडाएवढं. सोबत आभाळाबरोबर हळूहळू फिरणारी तिची बैठक आणि एक वापरलेला कॅमेरा. आणायला तू आलीस माझ्याबरोबर. येताना बसमध्ये ती नळी तू वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतलीस, वर ठेवू दिली नाहीस. कंडक्टर म्हणाला, "आजी, ढोलकं हाय का?"

"लेकरू हाय. अर्धं तिकीट लागन का?"

तो म्हणाला, "पाच वर्साच्या आतलं असन तं फुकट." पूर्ण बस हसली. आदिलाबाद येईपर्यंत तू तिला झोप लागल्यासारखी थोपटत होतीस.

अंधार हवा म्हणून आपल्याला वावरात जावं लागायचं. फेब्रुवारीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झालेल्या, रान मोकळं, पैनगंगेकडची बाजू काळीकुट्ट. मी एकटी जाते म्हटलं असतं, तर गावानं आणि बाबांनी दोघांनी मिळून मला घरात कोंडलं असतं. तू कोणाला काही विचारलंच नाहीस. कंदील, पाण्याची बाटली, दोन भाकरी, ठेचा घेतलास आणि म्हणालीस, "चाल. मी हाय ना." एवढ्या चार शब्दांवर माझं सगळं खगोलशास्त्र उभं आहे, आत्या.

गावानं काय काय म्हटलं ते आपण हसून काढलं. कोणी म्हणालं, मास्तरीणबाईनं रानडुकरांसाठी तोफ आणली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं तर तुला गाठून विचारलं, "काऊन वो बाई, त्या नळीतून कापसाचा भाव दिसते का?"

"भाव नाई दिसत. दलालाचं पोट दिसते. लई मोठं हाय, पुऱ्या नळीत मावत नाई."

त्याचा भाऊच दलाल होता. पुढं महिनाभर त्यानं आपल्याला साखर नीट तोलून दिली नाही.

फोटो काढायचा म्हणजे एक बटण दाबायचं असं तुला आधी वाटलं होतं. मग मी सांगितलं की दूरचा उजेड इतका कमी असतो की एका फोटोत जवळजवळ काही येत नाही. एका मिनिटाचा एक, असे शेकडो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठं तो साठतो. मी हे फार हुशारीनं समजावत होते. तू म्हणालीस, "वेचनीच हाय की. एका बोंडात का येते? वेचत राह्यलं का ओटी भरते." आणि कॅमेऱ्याचा खटका वाजला की मोजायला लागलीस. ओकटी. रेंडू. मूडू. शंभराच्या पुढं तुला तेलुगू येत नव्हतं, म्हणून पुन्हा एकपासून, आणि शंभर झाले की एक खडा बाजूला.

मागच्या वर्षी आपण सिंह राशीतल्या त्या तीन दीर्घिका घेतल्या. दोन जवळजवळ, तिसरी थोडी अंतरावर. पहिल्या दोन तिरप्या धरलेल्या भाकरीसारख्या दिसतात. तिसरी आपल्याला कडेनं दिसते, म्हणून ती लांबट, आणि मधून काळी रेघ. लॅपटॉपवर पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा तू बशीतला चहा तसाच धरून बसलीस. मग म्हणालीस, "तीन जावा हायेत. दोघी गोष्टी करून राह्यल्या, आन् तिसरी फुगून बाजूले बसली."

तेव्हापासून आपल्या घरात त्यांचं नाव तेच. माय तर विचारायची, "आज जावा दिसल्या का?"

चार रात्रींचे फोटो मी रचले आणि पुसट ते दिसावं म्हणून उजेड वाढवला. तेव्हा सकाळ होती, तू माझ्या खांद्यावरून पाहत होतीस. चित्राची मागची काळी बाजू डागाळल्यासारखी झाली होती. शेजारच्या भीमपूर गावाच्या दिव्यांचा पिवळट उजेड, कुठं काचेवरच्या धुळीचे वळसे. हे नेहमीचंच असतं. ते साफ करायला एक सोय असते. रिकाम्या आभाळावर ठिकठिकाणी खुणा करायच्या, कॉम्प्युटर त्यावरून मळाचा अंदाज घेतो आणि तेवढा मळ वजा करतो. मी खुणा करू लागले.

"थांब," तू म्हणालीस. "हे का हाय?"

तुझं बोट तिसरीच्या डाव्या टोकाशी होतं. तिथून एक फिकट रेघ निघून पार कडेपर्यंत गेल्यासारखी वाटत होती. वाटत होती म्हणजे, तिरपं पाहिलं तर.

"उजेड हाय, आत्या. भीमपूरचा. नाई तं काचेवरचा मळ."

"मळ असा एकाच जागेतून निंघते? तिच्या खांद्यापासून निंघून राह्यला तो. पदर हाय तिचा. सुटला."

मी हसले. "पदर नसते तथी."

"काऊन नसते? दोघींनं ओढला असन भांडनात."

"आत्या, तुले त्यातलं का समजते? मी शिकली हाय ना."

हे मी म्हटलं. आज मी ते या फोटोखाली सगळ्यांसमोर लिहून ठेवते, कारण तू ते कोणाला सांगितलं नसणार. ज्या शिक्षणासाठी तू दोन दिवस सख्ख्या भावाशी बोलली नाहीस, त्याच शिक्षणाचा मी तुझ्यावर हात उगारला. तू रागावली नाहीस. हातातली चहाची बशी खाली ठेवलीस आणि जिनिंगमधली एक गोष्ट सांगितलीस.

"आमी चादरीवर कापूस पसरतो. पिवळा डाग दिसला तं मुकादम वरडते, कवडी राह्यली. पन कवा कवा डाग कापसाले नसते, चादरीले असते, आन् पातळ कापसातून वर दिसते. मंग का करतो? कापूस सरकवतो. डाग जाग्यावर राह्यला तं चादरीचा. कापसासंगं सरकला तं कापसाचा. तू बी सरकवून पाह्य."

याहून नेमकी गोष्ट मला कोणत्या प्राध्यापकानं सांगितली नाही. कॅमेरा दुर्बिणीवर फिरवून पुन्हा फोटो घ्यायचे. काचेवरचा मळ असेल तर रेघ कॅमेऱ्याबरोबर राहील. आभाळातली असेल तर ती तीन जावांबरोबर फिरेल. दोन रात्रींचं काम. पण मला चित्र ग्रुपात टाकायची घाई होती, आणि खरं सांगू, पिवळं काही दिसलं की माझा हात थांबत नाही. हाताला ती सवय तूच लावलीस. लहानपणी एका हंगामात तू मला जिनिंगला नेलं होतंस आणि माझ्या ढिगात एक कवडी राहिली म्हणून मुकादमानं सगळा ढीग परत चाळायला लावला होता. त्या दिवसापासून मला अर्धवट मळकं काही पाहवत नाही. मी त्या चित्रावर अगदी घट्ट, शेजारी शेजारी खुणा केल्या, त्या रेघेवरसुद्धा. मागची बाजू धुतल्या पाटीसारखी काळी झाली. दुसऱ्या कोणी इतकं साफ केलं नसतं. आपल्या घरात जन्मलेलीच करू शकते.

कच्चे फोटो मी पुसून टाकणार होते, लॅपटॉप भरला म्हणून. तू म्हणालीस, "फेकू नको. कवडी बी फेकत नसतात. गादीत जाते." म्हणून ते एका फोल्डरात ठेवले आणि चेष्टेनं त्याला नाव दिलं, कवडी.

चित्राचं कौतुक झालं. नागपूरच्या सरांनी लिहिलं, फार स्वच्छ. हेडमास्तरांनी ते मोठं छापून शाळेच्या भिंतीवर लावलं, खाली माझं नाव, पुढं बी.एस्सी., बी.एड. मी तुला दाखवायला नेलं. तू पदरानं चेहरा पुसलास, जवळ गेलीस, बाजूला मान वळवून तिरपं पाहिलंस. मग म्हणालीस, "साफ झालं. लई साफ झालं."

मी ते कौतुक समजले. तीन-चार दिवसांनी भाजी निवडताना तू हळूच म्हणालीस, "कचऱ्यासंगं रुई बी गेली असन तं?" मी भाजी धुवायला उचलली. मग पावसाळा आला, आभाळ बंद झालं, आणि हे भांडण तसंच राहिलं. अधूनमधून तू टोचायचीस. माय एकदा म्हणाली, जावांचं भांडण मिटलं असेल, पण तुमचं नाही मिटत.

दिवाळीनंतर तुझा खोकला वाढला. इतकी वर्षं कापसाची धूळ छातीत गेलेली, डॉक्टर म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, वावरात थंडीत बसल्यामुळं झालं का? ते म्हणाले, नाही, हे फार जुनं आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. तरी कधी कधी चहा गाळताना हात थांबतो.

दवाखान्यात तुझ्या तोंडाला ऑक्सिजन होता. बोललीस की नर्स रागवायची, "माट्लाडकु अम्मा," म्हणजे बोलू नको. तू तिला तेलुगूत काहीतरी म्हणायचीस आणि ती हसून निघून जायची. काय म्हणायचीस ते मला कधी सांगितलं नाहीस. शेवटच्या आधीच्या दिवशी तू नळी बाजूला केलीस आणि मला विचारलंस, "सरकवलं का?"

मला लगेच कळलं तू काय विचारते आहेस. मी म्हटलं, "तू घरी ये, आत्या. आपन दोघी मिळून सरकवू."

"मी कायले लागतो? तुले हात नाईत?"

तू घरी आलीस ती अँब्युलन्समधून, आणि "तू घरी ये" हे माझं वाक्य अजून माझ्या तोंडात आहे. तुझ्या अंगावरचं लुगडं सारखं करताना बायांना तुझ्या कानामागं रुईचा एक धागा सापडला. जिनिंगला जाणं सोडून तुला कितीतरी वर्षं झाली होती. उशीतला असेल, माय म्हणाली. असेल.

तेरवी झाली. पाहुणे गेले. त्यानंतरची अमावस्या तीन दिवसांवर होती आणि सिंह रास डोक्यावर यायला लागली होती. मी सामान बाहेर काढलं आणि मग मला आठवलं की माझ्याबरोबर येणारं कोणी नाही. मी पायरीवर बसून राहिले. बाबांनी पडवीतून विचारलं, "काऊन बसली?"

"काई नाई."

ते काठी घेऊन उठले. कमरेला पट्टा बांधला, तुझा कंदील घेतला. "चाल. मले त्यातलं काई समजत नाई. पन बसतो."

मीच शेजाऱ्यांना गाडी जुंपायला सांगितली, बाबांनी चालत यायला नको म्हणून. बाबा वावरात तुझ्या जागेवर बसले, त्याच दगडाला पाठ टेकून. कॅमेऱ्याचा पहिला खटका वाजला आणि ते म्हणाले, "एक." मग, "दोन." तुझ्यासारखं तेलुगूत नाही, मराठीतच. शंभर झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता अक्का का करत व्हती?" मी म्हटलं, खडा ठेवत होती. त्यांनी अंधारात चाचपून खडा शोधला. तो बाजूला ठेवून ते पुन्हा एकपासून मोजायला लागले. तुझ्याबद्दल बाबा फक्त एवढंच म्हणाले, "तिनं त्या दिवशी कळशी ठेवली, तवाच मी हारलो व्हतो. दोन दिवस उगाच तोंड फुगवलं."

मी कॅमेरा काटकोनात फिरवून लावला होता. तीन रात्री फोटो घेतले. चौथ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली, सगळे फोटो रचले आणि काहीही साफ केलं नाही. उजेड वाढवला. मागचं आभाळ मळकं, पिवळट, डागाळलेलं, मुकादमानं पाहिलं असतं तर सगळा ढीग परत पाठवला असता. तीन जावा आता उभ्या झाल्या होत्या. आणि रेघ?

मी डोळे बाजूला वळवले.

रेघ त्यांच्याबरोबर उभी झाली होती. तिसरीच्याच टोकातून निघालेली, तेवढीच लांब. मी कवडीचं फोल्डर उघडलं, मागच्या वर्षीचे फोटो न धुता रचले आणि शेजारी ठेवले. तिथं ती आडवी, इथं उभी. कापसासंगं सरकली होती.

आधी मायला हाक मारून दाखवलं. नागपूरच्या सरांना चित्र पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. ते म्हणाले, ही शेपटी मोठ्या दुर्बिणींना केव्हाची ठाऊक आहे. फार पूर्वी त्या दीर्घिका एकमेकींच्या जवळून गेल्या आणि शेजारणीच्या ओढीनं हिचे तारे बाहेर खेचले गेले, त्यांची ही लांबच लांब पट्टी. मग ते म्हणाले, "पण ऐंशी मिलिमीटरमधून, तेही शेतातून! मागच्या वर्षी कुठं गेली होती ही?"

"होती, सर. मी पुसली होती. माझ्या आत्याला दिसली होती."

"त्या खगोलशास्त्र शिकल्या आहेत का?"

"नाही सर. तिनं मला शिकवलं."

ओढीनं खेचले गेले. तू पहिल्याच सकाळी सांगितलंस, दोघींनं ओढला असन भांडनात. मी तुला हसले होते, आत्या. तेव्हाच तुझ्यासमोर म्हणायचं राहिलं ते आता म्हणते, तुझंच बरोबर होतं. तू असतीस तर "मंग का झालं" म्हणून पुढचं काम सांगितलं असतंस. म्हणून मी रडत बसले नाही. दोन्ही वर्षांचे फोटो एकत्र रचले. खुणा या वेळी मोजक्या केल्या आणि पदरापासून दूर केल्या. मागची बाजू थोडी मळकी राहिली आहे. राहू दिली.

काल शाळेच्या भिंतीवरचं जुनं चित्र मी उतरवलं आणि नवं लावलं. खाली दोन नावं आहेत, आधी तुझं. मुलींना मी सांगितलं, सरळ पाहू नका, बाजूला पाहा. आठवीतली एक लगेच म्हणाली, "बाई, हिच्यातून काहीतरी निघून राह्यलं."

फोटो ऐंशी मिलिमीटरच्या भिंगातून, आपल्या वावरातून घेतलेला आहे. सात रात्री, एकूण एकवीस तासांचा उजेड. त्यात तिसऱ्या जावेचा पदर दिसतो. तो मळ नव्हता.